‘अ‍ॅट धिस पॉइंट इन टाइम’ म्हणजे नक्की केव्हा?

पोळा आठ दिवसांवर आला होता. ई-पीक पाहणीचं अ‍ॅप चालत नाही म्हणून दुकानात पोरांची गर्दी, झेरॉक्स मशीन तापलेलं, त्यात लाइन घडीघडी जात होती. एक आबाजी येऊन दाराशी उभे राहिले ते उभेच. गर्दी ओसरल्यावर त्यांनी सदऱ्याच्या आतल्या खिशातून सरकीच्या बियाण्याची रिकामी पिशवी काढली आणि तिच्यातून चार घड्या घातलेला कागद. घड्यांवर तो इतका विरला होता की उघडताना मीच श्वास रोखला.

“सर, एवढं वाचून सांगा बरं. पैसे कधी भेटन?”

तालुक्याच्या एसटी स्टँडसमोर माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. इंग्रजीत एम.ए. केलं, बी.एड. केलं, मास्तरकी काही लागली नाही. तरी लोक ‘सर’ म्हणतात आणि इंग्रजी कागद घेऊन येतात. यवतमाळ जिल्ह्यातल्या या पट्ट्यात इंग्रजी बोलणारा माणूस शोधावा लागतो, इंग्रजी कागद मात्र घरोघरी पत्र्याच्या पेटीत सापडतो.

आबाजींचा कागद विमा कंपनीचा होता. दोन वर्षांपूर्वी वीज पडून त्यांचा बैल गेला. बैलाचा विमा होता. त्यावर कंपनीने धाडलेल्या पत्रातलं मुख्य वाक्य असं: ‘वुई रिग्रेट टु इन्फॉर्म यू दॅट वुई आर नॉट इन अ पोझिशन टु एंटरटेन युवर क्लेम अ‍ॅट धिस पॉइंट इन टाइम ड्यू टु द फॅक्ट दॅट द इअर टॅग वॉज नॉट फाउंड टु बी अव्हेलेबल.’

मोजून ३५ शब्द. त्याचं मराठी सात शब्दांत होतं: कानात बिल्ला नव्हता, म्हणून पैसे मिळणार नाहीत.

पण पत्र आलं तेव्हा ते आबाजींच्या पुतण्याने वाचलं होतं. पोरगा बारावीला. ‘एंटरटेन’पाशी तो अडखळला, कारण त्याला एंटरटेनमेंट म्हणजे करमणूक एवढंच ठाऊक. मग ‘अ‍ॅट धिस पॉइंट इन टाइम’ त्याला बरोबर समजलं आणि तिथेच घात झाला. तो म्हणाला, “सध्या नाही म्हणते, काका.” आता ‘सध्या नाही’चा अर्थ आमच्याकडे शाळेत शिकवावा लागत नाही. सावकार म्हणतो सध्या नाही, जिनिंगवाला म्हणतो सध्या नाही, सोयरा म्हणतो सध्या नाही. त्याचा अर्थ दिवाळीनंतर ये. आबाजी दोन पोळे थांबले. एकच बैल उरलेला, दुसरा शेजाऱ्याचा मागून आणून वखर चालवला, पण कुठे तक्रार केली नाही. कंपनीने कुठे नाही म्हटलं होतं?

त्या रात्री मी ठरवलं की या लांबलचक इंग्रजी बोलण्याबद्दल एकदा नीट लिहायचं. परीक्षेत मार्क मिळवून देणाऱ्या म्हणींबद्दल पुस्तकं भरपूर आहेत. मला लिहायचंय ते कागदात भुसा भरणाऱ्या शब्दगुच्छांबद्दल.

ते ओळखणं अवघड नाही. ‘अ‍ॅट धिस पॉइंट इन टाइम’ पाच शब्दांचं, त्याच्या जागी ‘नाउ’ हा एक शब्द बसतो. ‘ड्यू टु द फॅक्ट दॅट’ म्हणजे ‘बिकॉज’. ‘इन द इव्हेंट दॅट’ म्हणजे ‘इफ’. ‘प्रायर टु’ म्हणजे ‘बिफोर’, ‘विथ रिगार्ड टु’ म्हणजे ‘अबाउट’, ‘इन अ पोझिशन टु’ म्हणजे ‘कॅन’. डावीकडचं काढून उजवीकडचं ठेवलं तर अर्थाचा एक दाणाही सांडत नाही. मग लोक डावीकडचंच का लिहितात? सवय हे अर्धं उत्तर झालं. उरलेलं अर्धं असं की लांबी काहीतरी काम करत असते, आणि ते कोणासाठी करते हे पाहावं लागतं.

आबाजींचंच वाक्य घ्या. ‘वुई कॅनॉट’ लिहिलं असतं तर नाही म्हणणारा माणूस समोर दिसला असता. ‘वुई आर नॉट इन अ पोझिशन टु’ लिहिलं की कंपनी बिचारी अडचणीत असल्यासारखी वाटते, द्यायची तर फार इच्छा आहे पण जागाच अशी आहे. ‘द इअर टॅग वॉज नॉट फाउंड’ यात बिल्ला कोणाला सापडला नाही, कोणी शोधला, कधी शोधला, हे काहीच नाही. वाक्यातून माणूस पुसला गेला. आणि ‘अ‍ॅट धिस पॉइंट इन टाइम’ने नकाराची धार बोथट केली. लिहिणाऱ्या कारकुनाला हे सगळं सुचलं असेल असं मला वाटत नाही. त्याने जुन्या पत्रावरून नवं पत्र काढलं असेल. पण त्या जुन्या पत्राच्या मुळाशी कोणीतरी हुशार माणूस होता.

गंमत म्हणजे हेच विमावाले इंग्रजी अगदी थोडक्यातही लिहू शकतात. जनावरांच्या विम्यात एक अट सगळीकडे चालते: ‘नो टॅग, नो क्लेम’. बिल्ला नाही तर दावा नाही. चार शब्द, पोळ्याला बैलांसमोर म्हणतात त्या झडतीच्या ओळींसारखे ठणठणीत. अट घालताना चार शब्द आणि नाही म्हणताना पस्तीस.

‘अ‍ॅट धिस पॉइंट इन टाइम’ अमेरिकेत बदनाम झालं ते १९७३ साली. विरोधी पक्षाच्या कचेरीतली घरफोडी दडपल्याच्या वॉटरगेट प्रकरणाची संसदेपुढची चौकशी तिथे टीव्हीवर दिवसेंदिवस दाखवली जात होती आणि राष्ट्राध्यक्ष निक्सन यांचे माजी सहकारी साक्ष देताना ‘तेव्हा’ म्हणायच्या ऐवजी ‘अ‍ॅट दॅट पॉइंट इन टाइम’ म्हणत होते. लोकांनी त्याची टिंगल केली, आणि टिंगल करता करता स्वतःही तसंच बोलू लागले. साक्षीदाराला या लांबीचा फायदा उघड आहे. ‘तेव्हा मला माहीत नव्हतं’ असं म्हटलं की वकील विचारतो, तेव्हा म्हणजे कधी? ‘काळाच्या त्या बिंदूवर’ म्हटलं की उत्तर मोजूनमापून दिल्यासारखं वाटतं आणि पुढचा प्रश्न येईपर्यंत दोन क्षण जास्त मिळतात. आपल्याकडे कोर्टात उभा राहिलेला माणूस ‘त्याचं असं झालं साहेब, म्हणजे काय की’ म्हणतो, ते याच दोन क्षणांसाठी.

जोडशब्दांची गोष्ट मात्र निराळी आणि मला सगळ्यात आवडणारी. इंग्रजी कायद्याच्या कागदांत ‘विल अँड टेस्टामेंट’ (मृत्युपत्र), ‘गुड्स अँड चॅटल्स’ (चीजवस्तू), ‘फिट अँड प्रॉपर’ (लायक), ‘ब्रेकिंग अँड एंटरिंग’ (घरफोडी), ‘नल अँड व्हॉइड’ (रद्दबातल) अशा जोड्या येतात. दोन्ही शब्दांचा अर्थ जवळजवळ एकच, मग दोन कशाला?

१०६६ साली नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकलं. राजा, सरदार, न्यायाधीश फ्रेंच बोलणारे, वावरात राबणारा इंग्रजी बोलणारा, कागदोपत्री लॅटिन. पुढे कित्येक पिढ्या कोर्टात फ्रेंच चाललं. १३६२ साली कायदा करावा लागला की खटले इंग्रजीत चालवा, कारण फ्रेंच लोकांना कळत नाही. त्या कायद्यातही नोंदी लॅटिनमध्येच राहिल्या, आणि कोर्टाचे कागद पुरते इंग्रजीत यायला १७३३ साल उजाडलं. या दुभाषी काळात एकाच गोष्टीला दोन नावं पडली. ‘विल’ इंग्रजी, ‘टेस्टामेंट’ लॅटिनमधून आलेला. ‘ब्रेकिंग’ इंग्रजी, ‘एंटरिंग’ फ्रेंच. लिहिणारा दोन्ही लिहून मोकळा व्हायचा, म्हणजे कोणी म्हणायला नको की मला कळलं नाही. सगळ्याच जोड्या अशा दोन घरच्या नाहीत. ‘नल’ आणि ‘व्हॉइड’ दोन्ही फ्रेंचमार्गे आले. एकदा ठेका अंगवळणी पडला की कारण लागत नाही.

‘चॅटल्स’पाशी थोडं थांबतो. चॅटल म्हणजे जंगम मालमत्ता, उचलून किंवा हाकून नेता येईल अशी. ‘कॅटल’ म्हणजे ढोरं. हे दोन्ही शब्द एकाच पोटचे, आणि ‘कॅपिटल’ म्हणजे भांडवल हा तिसरा भाऊ. तिघांचं मूळ लॅटिनमधल्या डोक्याच्या शब्दात आहे. ढोर, मालमत्ता आणि भांडवल हे एकच, हे आबाजींना सांगितलं तर ते म्हणतील, हे तर माह्या आज्यालेही ठाऊक होतं.

आता कोणी म्हणेल, इंग्रजांनी दोन दोन शब्द लिहिले, आपण तसं करत नाही. जरा थांबा. ‘कागदपत्र’ फोडून पाहा. कागद फारसीतून आला, पत्र संस्कृत. ‘धनदौलत’: धन संस्कृत, दौलत अरबी. ‘बाजारहाट’: बाजार फारसी, हाट आपलाच. ‘मानमरातब’, ‘रीतिरिवाज’, सगळी तीच तऱ्हा. तिकडे राज्यकर्त्यांची फ्रेंच, इकडे राज्यकर्त्यांची फारसी. आमचा वऱ्हाड १८५३ पर्यंत निजामाच्या अमलात होता, त्यामुळे महसुलाच्या भाषेत ही सरमिसळ खोलवर गेली. ‘नल अँड व्हॉइड’सारख्या एकाच घरच्या जोड्याही आहेत: ‘जमीनजुमला’ आणि ‘सहीसलामत’. हा शेवटचा तर ‘सेफ अँड साउंड’चा सख्खा भाऊ शोभतो.

तहसीलसमोर टेबल टाकून बसणारा अर्जनवीस, ज्याचं नावच फारसी, तो खरेदीखत लिहितो तेव्हा पाहत राहावं. ‘राजीखुशीने व अक्कलहुशारीने, नशापाणी न करता, कोणाच्याही दबावाला बळी न पडता’ इथून सुरुवात. मग जमीन विकली म्हणायच्या आधी ‘जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधिनिक्षेपासह’. पाणी, झाडं, गवत, लाकूड, दगड आणि पुरलेलं धन. ऐकायला पोथी वाचल्यासारखं वाटतं. पण या लांबीतला काही भाग खरंच काम करतो. धुऱ्यावरच्या आंब्यावरून आणि विहिरीतल्या पाण्याच्या पाळीवरून भावाभावांत डोकी फुटलेली मी पाहिली आहेत. ‘जल’ आणि ‘तरू’ लिहिलेलं असलं की तेवढी एक भानगड मिटते. पुरलेल्या धनाचं मात्र तसं नाही. १८७८ च्या कायद्याप्रमाणे दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं गुप्तधन सापडलं तर कलेक्टरला कळवावं लागतं, मग खरेदीखतात काहीही लिहिलेलं असो. तरी निधिनिक्षेप लिहिला जातोच. कोणता अर्जनवीस तो शब्द गाळायची जोखीम घेईल? वकिलांचंही तसंच असतं. जुन्या मसुद्यातल्या प्रत्येक शब्दावर कधीतरी कोर्टात भांडण झालेलं असतं, म्हणून वाढवायला कोणी भीत नाही, कमी करायला सगळे भितात.

आणि लिहिणाऱ्याला पानावर पैसे मिळत असतील तर विचारूच नका. इंग्लंडमध्ये जुन्या काळी कोर्टाचे लेखनिक पानांच्या हिशेबानेच पैसे घेत. यावर एका न्यायाधीशाने काढलेला तोडगा ऐकण्यासारखा आहे. १५९६ साली रिचर्ड मिलवर्ड नावाच्या माणसाने एका दाव्यात १२० पानांचं उत्तर दाखल केलं. न्यायाधीशाच्या मते १६ पानांत भागलं असतं. त्याने हुकूम दिला की या गठ्ठ्याला मधोमध भोक पाडा, त्यातून मिलवर्डचं डोकं बाहेर काढा, लिहिलेली बाजू बाहेर राहील असा तो गठ्ठा त्याच्या खांद्यावर लटकू द्या, आणि कोर्ट भरलेलं असताना त्याला बोडक्या डोक्याने वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये सगळ्यांसमोरून फिरवा. वर दंड. आमच्याकडे गाढवावरून धिंड काढायची रीत होती, तिची ही कागदी आवृत्ती.

पासपोर्टचं एक सांगायचं राहिलं. आमच्या भागातली काही पोरं आखातात कामाला जातात, काही घरचे लोक हजला जातात, त्यामुळे पासपोर्टच्या झेरॉक्स माझ्याकडे रोज निघतात. भारताच्या पासपोर्टवर आत एक लांबच लांब वाक्य आहे: राष्ट्रपतींच्या नावाने सगळ्यांना विनंती आणि आज्ञा की या माणसाला ‘विदाउट लेट ऑर हिंडरन्स’ जाऊ द्यावं. एका पोराने बोट ठेवून विचारलं, “सर, लेट म्हणजे उशीर ना? म्हंजे लेट होऊ देऊ नका असं लिवलं काय?” मी हसलो, पण त्याचं चुकलं कुठे? उशिराचा ‘लेट’ वेगळा, हा एल-ई-टी. आजच्या इंग्रजीत या ‘लेट’चा अर्थ होऊ देणं, जाऊ देणं. इथला ‘लेट’ जुना, त्याचा अर्थ बरोबर उलटा: अडवणूक. टेनिसमध्ये सर्व्हिसचा चेंडू जाळीला लागला की ‘लेट’ म्हणतात, तो हाच म्हातारा शब्द. त्याच्या शेजारी ‘हिंडरन्स’ आहे म्हणून तो तगला. एकटा असता तर केव्हाच मेला असता. त्याच पानावर हिंदीत ‘बिना रोक-टोक’ लिहिलंय. तिथेही जोडीच! पण ती बोलण्यातली आहे, म्हणून पटकन कळते. मी त्या पोराला सांगितलं, रोकटोक. तो म्हणाला, “मंग तसं लिवा ना.”

काही लांबी मानापानासाठी असते आणि तिच्याकडे मी कानाडोळा करतो. इंग्रज माणूस ‘खिडकी लाव’ म्हणणार नाही. ‘आय वॉज वंडरिंग इफ यू कुड पॉसिब्ली’ असं लांबून वळसा घालत येईल. नुसतं सांगणं त्याला हुकूम वाटतं. आपण ‘जरा’ आणि ‘बरं का’ लावून भागवतो. पाहुण्याला जेवायला बसवताना आपणही सरळ बोलत नाही, भाकरतुकडा खाऊन जा म्हणतो आणि ताटात पुरणपोळी वाढतो. ‘विथ ऑल ड्यू रिस्पेक्ट’ मात्र फसवं. पूर्ण आदर राखून, असं म्हणून इंग्रज जे बोलतो त्यात आदर शोधून सापडत नाही. ‘राग मानू नका, पण’ ऐकल्यावर आपण कसे सावध होतो, तसंच तिथे व्हावं.

जुन्या मराठी पत्राची सुरुवात आठवते? शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष, पत्रास कारण की. शाळेतला इंग्रजी रजेचा अर्ज त्याच चालीवर: ‘विथ ड्यू रिस्पेक्ट आय बेग टु स्टेट दॅट आय अ‍ॅम सफरिंग फ्रॉम फीवर’. ‘बेग’ म्हणजे भीक मागणं. ताप आला हे सांगायला भीक कशाला मागायची? हे इंग्रजी दीडशे वर्षांपूर्वीच्या कारकुनाचं. साहेब गेला, त्याने मायदेशी हे बोलणं टाकून दिलं, आपण ते ट्रंकेत जपून ठेवलं. ‘काइंडली डू द नीडफुल’चंही तेच. इंग्लंडात आता ते कोणी फारसं लिहीत नाही, आपल्या कचेऱ्यांत रोज लिहिलं जातं. मला ते आवडत नाही, आणि त्याचं कारण जुनेपणा नाही. ‘जे हवं ते करा’ असं लिहिणाऱ्याने काय हवं ते सांगितलेलंच नसतं. मी स्वतः एकदा एका पोरीच्या शिष्यवृत्तीच्या ईमेलमध्ये हे वाक्य टाकलं होतं. उलट उत्तर आलं की नेमकं काय करायचं ते कळवा. तारीख तोवर निघून गेली होती. तिच्या बापासमोर मी त्यानंतर बरेच दिवस मान वर केली नाही. दुसरा रस्ता धरून पायीच घरी जायचो.

भारतीय इंग्रजीला नुसती नावं ठेवूनही चालणार नाही. तारीख अलीकडे आणणं याला आपल्याकडे ‘प्रीपोन’ हा एकशब्दी सुटसुटीत शब्द रुळला. ऑक्सफर्डच्या कोशानेही तो घेतला.

पुनरुक्तीत तर आपण कोणाच्या बापाला हार जाणार नाही. ‘रिटर्न बॅक’, ‘फ्री गिफ्ट’, ‘एंड रिझल्ट’ वाचून हसणारा माणूस ‘एटीएम मशीन’मध्ये ‘पिन नंबर’ टाकून येतो; एटीएममधला शेवटचा एम म्हणजे मशीन आणि पिनमधला एन म्हणजे नंबर. मराठीत पिवळा पीतांबर आणि गाईचं गोमूत्र तर म्हणीसारखे झाले आहेत. आणि आमच्या वऱ्हाडी-नागपुरी बोलण्याचं काय सांगू? पुण्याचा माणूस विचारतो ‘काय करतोयस?’ आम्ही विचारतो ‘काय करून राहिला बे?’ शब्द जास्त, पण त्या ‘राहिला’त जी ऐसपैस बसकण आहे ती ‘करतोयस’मध्ये नाही. ती मी काटणार नाही. कोणी काटायला आला तर भांडेन.

कागदातल्या भुशाविरुद्ध तिकडेही लोक भांडले आहेत. ९ ऑगस्ट १९४० ला, जर्मन विमानं ब्रिटनवर चालून येत असताना, पंतप्रधान चर्चिल यांनी सहकाऱ्यांना एक चिठ्ठी पाठवली. विषय: थोडक्यात लिहा. त्यांनी नमुनेही दिले. ‘इट इज ऑल्सो ऑफ इम्पॉर्टन्स टु बेअर इन माइंड द फॉलोइंग कन्सिडरेशन्स’ असली वाक्यं म्हणजे नुसता भरणा आहे, ती काढून टाका नाहीतर एका शब्दावर आणा, बोलण्यातला साधा शब्द वापरायला लाजू नका, असा तिचा मथितार्थ. पुढे १९७९ मध्ये लंडनला क्रिसी माहेर या बाईने पार्लमेंटसमोरच्या चौकात सरकारी फॉर्मचे तुकडे तुकडे केले. ती लिव्हरपूलची, गरीब घरातली, स्वतः वाचायला उशिरा शिकलेली. तिने उभी केलेली प्लेन इंग्लिश कॅम्पेन ही संस्था पुढे नावारूपाला आली. २००४ साली त्यांनी आपल्या लोकांना विचारलं की कोणतं बोलणं डोक्यात जातं. पहिला नंबर ‘अ‍ॅट द एंड ऑफ द डे’चा, म्हणजे आपलं ‘शेवटी काय तर’. आमच्या आबाजींच्या पत्रातल्याचा चुलतभाऊ ‘अ‍ॅट धिस मोमेंट इन टाइम’ दुसऱ्या जागेवर होता. पुढे २०१० मध्ये अमेरिकेत सरकारी कागद सोपे लिहा असा कायदाच झाला. आपल्याकडे २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने हिमाचल प्रदेश उच्च न्यायालयाचा एक निकाल रद्द करून परत पाठवला, का तर त्यातलं इंग्रजी समजणंच शक्य नव्हतं. न्यायमूर्तींनाच समजत नसेल तर माझ्या गिऱ्हाइकांनी का शरमावं?

सरकारी मराठीने तोवर इंग्रजीचा सांगाडा जसाच्या तसा उचलला होता. ‘कार्यवाही करण्यात यावी’, ‘विचाराधीन आहे’, ‘सदरहू बाब निदर्शनास आणून देण्यात येत आहे’. करणारा कोण? कोणीच नाही, ते आपोआप करण्यात येतं. आपल्याकडे खेळ सुरू व्हायच्या आधीच मशालीचं तेल संपतं त्याला नमनालाच घडाभर तेल म्हणतात. पोळ्याच्या झडतीत मात्र नमन शेवटी, आणि तेही एका ओळीत: एक नमन गौरा पारबती, हर बोला हर हर महादेव. आधी चार ओळींत सावकाराचा नाहीतर सरकारचा जो समाचार घ्यायचा तो घेऊन झालेला असतो.

असला कागद हाती आला तर मी काय करतो ते सांगतो. आधी ‘वुई रिग्रेट’ किंवा ‘प्लीज बी अ‍ॅडव्हाइज्ड दॅट’ असल्या नमनावर पेन्सिलने आडवी रेघ मारतो. मग ‘नॉट’, ‘अनलेस’ आणि ‘सब्जेक्ट टु’ या शब्दांना गोल करतो, कारण पैसे तिथेच अडकलेले असतात. मग आकडे आणि तारखा शोधतो. उरलं त्यात कोणी काय करायचं आहे ते विचारतो. बऱ्याचदा पानभर मजकुरातून एक ओळ निघते. इंग्रजीत आडवळणाने बोलण्याला ‘बीटिंग अराउंड द बुश’ म्हणतात. पाखरं उठवायला झुडपं बडवत फिरणाऱ्या हाकाऱ्यांवरून आलेला शब्द. आमच्या जंगलपट्टीत त्याला हाका म्हणत. हाकारे कितीही बोंबलले तरी शिकार एकाच ठिकाणाहून बाहेर पडते, तिथे नजर ठेवायची.

आबाजींच्या पत्रात मी ‘इअर टॅग’ला गोल केला आणि विचारलं, “आबाजी, बैल मेला तेव्हा बिल्ला कानात होता का?”

“होता ना. डॉक्टरनं पाह्यला. त्यानंच नंबर लिवून घेतला.”

“तो कागद आहे?”

पिशवीत दुसरा कागद होताच. पशुवैद्यकीय डॉक्टरांचा शवविच्छेदनाचा दाखला, त्यावर बिल्ल्याचा नंबर स्वच्छ अक्षरात. दोन वर्षं दोन्ही कागद एकाच पिशवीत एकमेकांना चिकटून बसले होते. पत्रात ‘बिल्ला नव्हता’ असं साधं लिहिलं असतं तर त्याच दिवशी आबाजी कंपनीच्या दारात जाऊन तो दाखला दाखवते.

मी अर्ज टाइप करायला घेतला. बोटं आपोआप ‘विथ ड्यू रिस्पेक्ट’कडे वळली, ती खोडली. मराठीतच लिहिला. ‘माझा बैल वीज पडून मेला. तेव्हा बिल्ला कानात होता. डॉक्टरांच्या दाखल्यावर नंबर आहे, प्रत जोडली आहे. तुमचा नकार चुकीचा आहे. दाव्याची रक्कम द्यावी.’ खाली पॉलिसीचा नंबर, तारीख, सही. प्रिंट काढून वाचून दाखवला.

आबाजींनी कागद हातात घेतला, उलटून मागची बाजू पाहिली. ती कोरी होती.

“एवढंच?”

“एवढंच लागते, आबाजी.”

त्यांनी पुन्हा वाचायला लावला. मग जरा अवघडून म्हणाले, “सर, सगळं बरोबर हाय. पण थोडकं लांब करा ना. वरतं मायबाप सरकार असं काहीतरी टाका. मोठ्या साहेबाकडं जाऊन राहिला ना कागद. असा धाडला तं म्हनतीन, म्हताऱ्याले बोलाची रीत नाई.”

मायबाप सरकार काही टाकलं नाही, कंपनीला सरकार म्हणणं बोटांना जमेना. ‘मा. व्यवस्थापक साहेब यांस सविनय नमस्कार, विनंती विशेष’ एवढी एक ओळ वर घातली आणि दुसरी प्रिंट काढली. ती त्यांना पसंत पडली. पहिल्या प्रिंटचे पैसे मी घेतले नाहीत.